उशीर कोठे होतो? बालकांचे चेतास्नायू विकार आणि जनुकचाचणी

‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांत चांगलाच रुळला आहे. २०२१ साली मुंबईतील एका बालिकेसाठी लोकवर्गणीतून ही रक्कम उभी राहिली आणि केंद्र सरकारने त्या औषधावरील सुमारे सहा कोटी रुपयांचे आयातशुल्क व कर माफ केले. त्यानंतर पुण्यातून, नागपुरातून अशीच आवाहने निघाली. अनोळखी बालकासाठी हजारो लोक खिशात हात घालतात, ही गोष्ट समाधानाचीच आहे. पण या बातम्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक उणीव जाणवते. औषधाची किंमत मथळ्यात असते. बालकाला नेमके काय झाले आहे हे कोणत्या वयात कळले, कोणत्या चाचणीने कळले आणि त्याआधीचे महिने कोठे गेले, हे बहुधा कोठेच नसते.

ही उणीव एकट्या वार्ताहरांची नाही. आनुवंशिकतेचा वर्गातील पाठ आणि दुर्मिळ आजारांविषयीचे शासकीय धोरण यांतही ती वेगळ्या रूपात दिसते. म्हणून या तिन्ही मांडण्या येथे तपासून पाहावयाच्या आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: जनुकचाचणी ही निदानाची शेवटची पायरी आहे आणि ती आज पूर्वीइतकी महाग वा दुर्लभ राहिलेली नाही. उशीर होतो तो तिच्या अलीकडच्या पायऱ्यांवर आणि गोंधळ होतो तो तिच्या पलीकडे, अहवाल वाचताना. या दोन्ही जागांकडे दुर्लक्ष करून चाचणीचा आणि औषधाचा कितीही गौरव केला, तरी बालकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

विदर्भाच्या ओळखीची चाचणी

नागपूर आणि विदर्भातील शिक्षकांना आनुवंशिक आजाराची चाचणी म्हटली की प्रथम सिकलसेल आठवतो. ते स्वाभाविक आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या भागात या आजाराचा अभ्यास होत आला आहे. गावोगावच्या शाळांतून रक्त तपासणारी पथके येतात, सोल्युबिलिटी चाचणी होते, वाहकांना आणि रुग्णांना निरनिराळ्या रंगांची कार्डे मिळतात. इयत्ता नववीच्या २०१७ सालच्या विज्ञानाच्या पुस्तकातही ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या प्रकरणात सिकलसेलची माहिती आहे. दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात रुग्ण संततीची शक्यता चारांत एक, हा हिशोब आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो.

हे ज्ञान मोलाचे आहे. अडचण पुढे येते. सिकलसेलची रीत सर्वच आनुवंशिक आजारांना लागू पडते, अशी समजूत यातून नकळत तयार होते. ती का लागू पडत नाही हे पाहिले, की जनुकचाचणी म्हणजे काय याचा निम्मा उलगडा होतो.

सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात एका ठराविक ठिकाणी ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेले असते. त्यामुळे प्रथिनात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. गडचिरोलीतील सिकल जनुक असो की आफ्रिकेतील, चूक तीच आणि जागाही तीच. शिवाय तिचा परिणाम रक्तातच दिसतो. म्हणून जनुक न वाचताही, साध्या रासायनिक चाचणीने आणि नंतर हिमोग्लोबिन वेगळे करून पाहणाऱ्या तपासणीने तो ओळखता येतो.

बालकांच्या चेतास्नायू विकारांत अशी सोय नाही. हे विकार शेकडो प्रकारचे आहेत. कोणाचा दोष मज्जारज्जूतील चेतापेशीत असतो, कोणाचा चेतातंतूत, कोणाचा चेता आणि स्नायू यांच्या सांध्यात, तर कोणाचा खुद्द स्नायूत. बाहेरून दिसणारे लक्षण मात्र एकच असते. मूल अशक्त आहे, उशिरा चालते, वारंवार पडते. या गर्दीतून दोन आजार आपण नमुन्यादाखल घेऊ. दोन्हींची जनुके ठाऊक आहेत, पण चाचणीची रीत अगदी वेगळी आहे.

एक सोपा शोध, एक अवघड

पहिला आजार स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. यात मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी मरत जातात आणि त्यांच्या आज्ञेवाचून स्नायू सुकतात. तीव्र प्रकारात सहा महिन्यांच्या आतच लक्षणे दिसतात. मूल मान धरत नाही, पाय उचलत नाही, रडण्याचा आवाज क्षीण असतो. डोळे मात्र चुणचुणीत असतात, बुद्धीत काही उणे नसते. उपचार नसत तेव्हा अशी बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावत. या आजाराचे जनुक पॅरिसमधील ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने १९९५ साली शोधले. त्याचे नाव एसएमएन-१, आणि ते पाचव्या गुणसूत्रावर असते. सुमारे ९५ टक्के रुग्णांत या जनुकाचा सातवा एक्झॉन दोन्ही प्रतींतून गहाळ असतो. एक्झॉन म्हणजे जनुकातील प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा. पत्ता ठाऊक असल्यामुळे हा शोध सोपा आहे. तो एक तुकडा आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

निसर्गाने यात एक गंमत करून ठेवली आहे. एसएमएन-१ च्या शेजारीच एसएमएन-२ नावाचे जवळजवळ तंतोतंत तसेच जनुक असते. सातव्या एक्झॉनमधील एका अक्षराच्या फरकामुळे ते फार थोडे उपयोगी प्रथिन बनवते. एसएमएन-२ च्या प्रती जितक्या जास्त, तितका आजार बहुधा सौम्य. म्हणून चांगल्या अहवालात या दुसऱ्या जनुकाच्या प्रतींची संख्याही दिलेली असते.

दुसरा आजार ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी. हा प्रामुख्याने मुलग्यांना होतो. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो असतो. त्याचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर आहे. ते १९८६ साली सापडले आणि पुढल्या वर्षी त्याच्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन हे नाव मिळाले. स्नायूपेशीचे आवरण आकुंचनाच्या ताणात फाटू नये म्हणून हे प्रथिन आधार देते. बीटा-ग्लोबिनचे जनुक जेमतेम दीड-दोन हजार अक्षरांचे, तर डिस्ट्रॉफिनचे सुमारे २२ लाख अक्षरांचे, ७९ एक्झॉनांचे. मानवातील सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक आहे. एवढ्या लांब मजकुरात चूक कोठेही होऊ शकते आणि जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची चूक वेगळी असते. साधारण दोन-तृतीयांश रुग्णांत एक किंवा अनेक एक्झॉन गळालेले असतात, दहा टक्क्यांच्या आसपास रुग्णांत काही एक्झॉन दोनदा आलेले असतात आणि उरलेल्यांत एखाद्या अक्षराची वा काही अक्षरांची चूक असते.

येथे एक प्रयोग फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. समजा वाक्य असे आहे: ‘मदन बदक पकड गवत उचल’. यातला ‘पकड’ हा अख्खा शब्द गळाला तर ‘मदन बदक गवत उचल’ उरते. वाक्य अपुरे, पण वाचता येते. आता मूळ वाक्यातील ‘बदक’मधला फक्त ‘द’ गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: ‘मदन बकप कडग वतउ चल’. गळाले एकच अक्षर, पण पुढचे सारे वाक्य निरर्थक झाले. डिस्ट्रॉफिनच्या जनुकात गळालेला भाग तीनच्या पटीतला असेल, तर बहुधा आखूड पण काहीसे कामाचे प्रथिन तयार होते आणि बेकर नावाचा सौम्य आजार होतो. तीनची लय मोडली तर ड्युशेन होतो. किती गळाले याहून लय टिकली की मोडली, हे महत्त्वाचे. गुणसूत्राच्या चित्रापेक्षा हा खेळ मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

मोठी चाचणी आणि योग्य चाचणी

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट लक्षात येईल. ‘जनुकचाचणी’ असे एकवचनी नाव असले, तरी ती एकच चाचणी नसते. वहीची तपासणी दोन तऱ्हांनी होते. एक तपासनीस पाने मोजतो, दुसरा शुद्धलेखन पाहतो. एमएलपीए नावाची, २००२ साली पुढे आलेली पद्धत पाने मोजणारी आहे. प्रत्येक एक्झॉनच्या किती प्रती आहेत ते ती सांगते. डीएमडी आणि एसएमए या दोन्हींसाठी आरंभ येथून करणे शहाणपणाचे ठरते. अक्षरे वाचणारी चाचणी शुद्धलेखन पाहते. पाने मोजून काही सापडले नाही, की डीएमडीसाठी तिच्याकडे वळायचे.

अलीकडे एक्झोम चाचणीचा मोठा बोलबाला आहे. तीत सुमारे वीस हजार जनुकांचे एक्झॉन एकदम वाचले जातात. निदान न लागणाऱ्या असंख्य कुटुंबांना तिने उत्तर दिले आहे, हे निर्विवाद. परंतु ‘सर्व जनुके वाचली’ म्हणजे ‘सर्व आजार तपासले’ अशी जी समजूत जाहिरातींतून पसरते, ती चुकीची आहे. एसएमएन-१ आणि एसएमएन-२ यांतील विलक्षण साम्यामुळे साध्या एक्झोम वाचनात एसएमए निसटू शकतो. म्हणजे काही हजार रुपयांच्या नेमक्या चाचणीने जे कळले असते, ते त्याहून महाग चाचणी करूनही कळत नाही आणि वर ‘दोष आढळला नाही’ असा कागद हाती येतो. जनुकचाचणी हे उत्तर आहे खरे, पण प्रश्न कोणता विचारायचा हे मुलाला नीट तपासणारा डॉक्टरच ठरवू शकतो.

अलीकडचा उशीर

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डीएमडीचे निदान पुष्कळदा मूल पाच वर्षांच्या आसपास असताना होते, हा अनेक देशांतला अनुभव आहे. लक्षणे मात्र त्याच्या दोन-अडीच वर्षे आधीपासून असतात. हा काळ जातो कोठे?

काही भाग घरात जातो. ‘याचे वडीलही उशिराच चालले’, ‘मुलगे जरा जडच असतात’, ‘पोटऱ्या बघा कशा भरल्यात’. या आजारात पोटऱ्या फुगीर दिसतात आणि घरच्यांना ते सुदृढपणाचे लक्षण वाटते. काही भाग दवाखान्यांत जातो. अशक्तपणासाठी टॉनिक, मग कॅल्शियम, मग मालिश. रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की यकृताचा आजार समजून औषधे सुरू होतात. वास्तविक ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजू लागले की रक्तात उतरतात. अशा वेळी क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, हे विकर मोजले तर दिशा लगेच कळते. निरोगी बालकात ते साधारण २०० एककांच्या आत असते. डीएमडीच्या मुलात ते हजारोंच्या घरात जाते. ही तपासणी काही शे रुपयांत, जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. जनुकाचे नावही न काढता ती करता येते. मात्र एसएमएमध्ये सीके बहुधा फारसे वाढत नाही. तेथे लुळे पडलेले हातपाय आणि न मिळणारे सांधेक्षेप पाहून थेट जनुकचाचणीकडे जावे लागते.

आणि काही भाग, सांगावयास संकोच वाटतो, शाळेत जातो. आपल्याकडे प्राथमिक शाळेतील मुले अजूनही बऱ्याच ठिकाणी जमिनीवर बसतात. परिपाठ संपून सर्व मुले उभी राहतात, तेव्हा एखादा मुलगा आधी पालथा वळतो, हातापायांवर येतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा होतो. ब्रिटिश वैद्य विल्यम गोवर्स यांनी १८७९ साली या लकबीचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. दवाखान्याच्या खुर्चीवर पाच मिनिटे बसलेल्या मुलात ती डॉक्टरांना दिसणार नाही, वर्गात मात्र ती रोज दिसते. तो मुलगा जिना कठडा धरून चढतो, पळताना मागे राहतो, चवड्यांवर चालतो. कवायतीच्या तासाला त्याला ‘आळशी’ म्हटले जाते.

‘डीएमडी बरा होत नाही, मग लवकर कळून उपयोग काय?’ असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे पहिले उत्तर त्या मुलाच्या धाकट्या भावात आहे. थोरल्याचे निदान सहाव्या वर्षी झाले आणि तोवर आईला दुसरा मुलगा झालेला असला, तर त्यालाही तोच आजार असू शकतो. ती माहिती दोन वर्षे आधी मिळाली असती, तर आईवडिलांना निर्णयाची संधी मिळाली असती. दुसरे उत्तर खुद्द त्या मुलाचे. स्टिरॉइडसारख्या साध्या औषधाने चालण्याची वर्षे वाढवता येतात. हृदयाकडे आणि पाठीच्या कण्याकडे वेळीच लक्ष देता येते. भूल देताना काही औषधे या मुलांना घातक ठरतात, ती टाळता येतात. यकृताची निरर्थक औषधे थांबतात, हे तिसरे.

एसएमएमध्ये तर दिवस मोजावे लागतात. मेलेली चेतापेशी परत येत नाही. नुसिनर्सेन हे औषध अमेरिकेत २०१६ साली, सोळा कोटींचे म्हणून गाजलेले जनुकोपचाराचे इंजेक्शन २०१९ साली आणि तोंडाने घेण्याचे रिसडिप्लाम २०२० साली मान्य झाले. लक्षणे दिसण्यापूर्वीच उपचार मिळालेल्या बालकांपैकी अनेक जण बसू-चालू लागले. तेच औषध उशिरा मिळाले तर आहे ते टिकवण्यावर समाधान मानावे लागते. म्हणून अमेरिकेने २०१८ साली नवजात बालकांच्या तपासणीच्या शिफारस केलेल्या यादीत एसएमएचा समावेश केला. भारतात अशी सार्वत्रिक तपासणी अद्याप नाही.

आता किमतीची गोष्ट पाहा. रिसडिप्लामची एक बाटली भारतात सुमारे सहा लाख रुपयांना मिळे. पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते औषध विकण्याची वाट मोकळी झाली आणि तिने एका बाटलीची किंमत १५,९०० रुपये जाहीर केली. ही रक्कमही सामान्य कुटुंबाला लहान नाही. तरीही औषध आवाक्याजवळ येऊ लागले की मागे उरणारा मोठा अडथळा निदानातील उशिराचाच असतो. वृत्तपत्रांनी यापुढे किमतीबरोबर ‘निदान कितव्या महिन्यात झाले’ हे एक वाक्य जरी छापले, तरी वाचकांना आजाराची खरी निकड कळेल.

पलीकडचा गोंधळ

अहवाल हाती आला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. जनुकातील बदलांची प्रतवारी पाच पायऱ्यांत केली जाते: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधली पायरी फार फसवी आहे. ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असे वाचून घरचे लोक ‘दोष सापडला’ असे धरून चालतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की, हा बदल आजाराचा आहे की त्या समाजात सहज आढळणारा आहे, हे सांगण्याइतकी माहिती आज नाही. अशा माहितीचे जागतिक साठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झाले, त्यामुळे भारतीयांच्या अहवालात ही पायरी अधिक वेळा येते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. तिचा एक मोठा उपयोग हाच आहे. अनिश्चित अर्थाच्या बदलावर गर्भाविषयीचा निर्णय घेऊ नये, आणि काही वर्षांनी तो अहवाल पुन्हा तपासून घ्यावा, हे आईवडिलांना कोणीतरी समजावून सांगावयास हवे.

दुसरा गोंधळ दोषारोपाचा. ‘एक्स गुणसूत्र आईकडून येते’ हे वर्गात शिकवलेले वाक्य घरी जाऊन ‘आजार आईने दिला’ असे होते. डीएमडीच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत चूक नव्याने घडलेली असते. आई वाहक नसतेच. आईचे रक्त तपासल्यावरच हे कळते. त्यातही रक्त निर्दोष असताना तिच्या काही बीजांडांत ती चूक असण्याची थोडी शक्यता राहते, म्हणून पुढच्या गरोदरपणात सल्ला घ्यावाच लागतो. आई वाहक निघाली, तर प्रश्न मावशीचा आणि बहिणींचा असतो, काकांचा नसतो. एसएमएची गोष्ट वेगळी. तेथे आईवडील दोघेही वाहक असतात, दोघेही ठणठणीत असतात आणि दोन्ही घराण्यांत पूर्वी कोणालाच हा आजार झालेला नसतो. साधारण चाळीस ते साठ माणसांमागे एक जण वाहक असतो. मामाच्या मुलीशी लग्न किंवा पिढ्यान्‌पिढ्या एकाच पोटजातीतली लग्ने यांनी अशा अप्रभावी आजारांची शक्यता वाढते. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ हे वाक्य येथे काहीच सिद्ध करत नाही.

तिसरा मुद्दा कायद्याचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. लिंगनिगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास त्यात मुभा आहे. कुटुंबातील नेमकी चूक ठाऊक नसे तेव्हा वाहक स्त्रीच्या गर्भाचे केवळ लिंग पाहून निर्णय घेतले जात, आणि असे निम्मे मुलगे निरोगी असू शकत. आता चूक ठाऊक असली तर नेमके त्या चुकीसाठीच गर्भ तपासता येतो. जनुकचाचणीचे हे खरे सामर्थ्य. पण त्यासाठी आजारी मुलाचा अहवाल गरोदरपणाच्या आधी हाती असावा लागतो. पुन्हा गोष्ट वेळेवरच येऊन थांबते.

धोरणात नसलेली शिडी

मार्च २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण जाहीर केले. एसएमए आणि डीएमडी हे दोन्ही त्याच्या तिसऱ्या गटात आहेत. उपचार आहेत, पण ते फार महाग आहेत आणि कोणाला द्यावेत हे ठरवणे कठीण आहे, असा हा गट. २०२२ पासून सर्व गटांतील रुग्णांना मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. महाराष्ट्रातून मुंबईचे केईएम रुग्णालय त्या केंद्रांत आहे. धोरणात लवकर निदानाचे महत्त्व सांगितले आहे, हेही मान्य केले पाहिजे. दुर्मिळ आजारांची दखल घेणारा असा दस्तऐवजच पूर्वी नव्हता, हे विसरून चालणार नाही.

तथापि हे धोरण वरच्या मजल्याचे आहे. खालून वर नेणारी शिडी त्यात नीट दिसत नाही. नागपूरपासून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर. गडचिरोलीच्या मुलाला आधी नागपूर गाठावे लागते. विदर्भाबरोबरच बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडचे रुग्णही नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, ‘मेयो’त आणि २०१८ साली सुरू झालेल्या एम्समध्ये येतात. या शहराच्या खांद्यावर केवढा भार आहे हे यावरून दिसते. आणि गंमत अशी की जनुकचाचणीसाठी मुलाने प्रवास करण्याची गरजच नसते. रक्ताची नळी नीट बांधून कोठेही पाठवता येते. प्रवास करावा लागतो तो योग्य प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरपर्यंत आणि अहवाल समजावून सांगणाऱ्या सल्लागारापर्यंत. धोरणाने औषधाइतकाच पैसा आणि विचार या दोन माणसांवर खर्च केला, तर ५० लाखांचाही अधिक चांगला उपयोग होईल.

शिडीची पहिली पायरी खरे तर अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्या तीस बाबींच्या यादीत हालचालींच्या विकासातील विलंबही आहे. म्हणजे नवी योजना आखण्याची गरज नाही. पथक येईल त्या दिवशी ‘जमिनीवरून उठून दाखव’ एवढे प्रत्येक लहान मुलाला सांगावे आणि शंका आल्यास सीके तपासणीची चिठ्ठी द्यावी, एवढी भर पुरेशी आहे.

शिक्षकांनी काय करावे

शिक्षकाने निदान करू नये. वर्गात आजाराचे नाव उच्चारू नये आणि पालकांना घाबरवूही नये. प्रत्येक मागे राहणाऱ्या मुलाला स्नायूविकार नसतो, बहुतेकांना नसतोच. पण जे दिसते ते तारखेसह लिहून ठेवणे, दोन-तीन महिन्यांत ते वाढते आहे का हे पाहणे, आणि पथक आले की त्या मुलाला पुढे करणे, हे शिक्षकाच्या कामातच बसते. आधी येणारी गोष्ट जाऊ लागली, जिना चढणारे मूल जिन्याला घाबरू लागले, तर थांबू नये.

निदान झालेल्या मुलाच्या बाबतीत शाळेची जबाबदारी संपत नाही, तेथे ती सुरू होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्वतंत्र उल्लेख आहे. निर्धारित प्रमाणातील अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वर्ग तळमजल्यावर घेणे, उतरंड बांधणे, स्वच्छतागृहाची सोय करणे यांना जनुकशास्त्र लागत नाही. निरोगी भावंडांची, विशेषतः बहिणींची, वाहक आहेत का ही चाचणी त्या अजाण असताना करण्याचा आग्रह कोणी धरू नये. मोठ्या झाल्यावर तो निर्णय त्यांचा असावा. मुलीच्या नावापुढे ‘वाहक’ हा शब्द लग्नाच्या बाजारात कसा वापरला जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

वर्गातील पाठातही थोडा बदल करता येईल. चार चौकटींचा तक्ता शिकवून झाला, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत. ज्या घरात पूर्वी कोणालाच आजार नव्हता तेथे तो कसा आला? एकाच आजाराच्या दोन रुग्णांना वेगवेगळी चाचणी का लागू शकते? अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असे असेल तर आपल्याला नेमके काय कळले? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी उत्परिवर्तन, अप्रभावी गुण आणि संभाव्यता या कल्पना पाठ न करता शिकतील. त्यांतलेच काही जण उद्या डॉक्टर होतील, काही परिचारिका, काही वार्ताहर आणि बहुतेक सर्व जण आईबाप होतील.